दोन गाईंच्या रुंदीचा रस्ता

डब्लिन, आयर्लंड,
८ जून २०२५

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी तुमचा फोन आला तेव्हा "मजेत आहे, मैत्रिणींबरोबर फिरायला आले आहे" एवढेच बोलून मी विषय बदलला, हे आईच्या लक्षात आले असणारच. त्या वेळी मी क्लेअर काउंटीतल्या एका अरुंद रस्त्याच्या कडेला, फुटलेल्या टायरशेजारी उभी होते. कोणालाही काही लागलेले नाही आणि गाडीही आता ठीक आहे. पण फोनवर अर्धवट सांगून तुम्हाला रात्रभर जागे ठेवण्यापेक्षा सगळे सविस्तर लिहून कळवावे, असे ठरवले. शिवाय या प्रवासात माझा एक स्वार्थ होता. तुम्ही इकडे यावे म्हणून दोन वर्षे माझे टुमणे चालले आहे, आणि दर वेळी बाबा गुडघ्याचे आणि आई गाडी लागण्याचे कारण पुढे करते. म्हणून हे चार दिवस मी जागोजागी पायऱ्या मोजत आणि वळणे लक्षात ठेवत हिंडले, आणि त्यावरून मैत्रिणींनी माझी पुष्कळ थट्टा केली.

जूनच्या पहिल्या सोमवारी इथे सार्वजनिक सुट्टी असते. तिला शुक्रवारची रजा जोडून आम्ही चौघी निघालो. माझ्या घरात राहणारी नागपूरची मैत्रीण, कोट्टयमहून आलेली एक परिचारिका, ऑफिसातली, इथल्याच कॉर्क भागातली एक मुलगी आणि मी. गाडी माझीच. बाबा, तुमच्या हाताखाली आंबा घाटात शिकून मिळवलेला परवाना इथे बदलून मिळत नाही. लेखी परीक्षा, बारा सक्तीचे धडे आणि मग रस्त्यावरची परीक्षा असे सगळे पहिल्यापासून करावे लागले. आता दोन वर्षे गाडीच्या पुढे-मागे नवशिक्याची लाल 'एन' ही पाटी लावून फिरायचे. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे आणि हॉर्न जवळजवळ कोणी वाजवत नाही, त्यामुळे पहिले काही महिने मला रस्ते ओसाड पडल्यासारखे वाटत असत.

डब्लिन ते गॉलवे हा महामार्ग दोनशे किलोमीटरांहून थोडा अधिक आहे आणि त्याविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. वाट थोडी वाकडी करून शॅनन नदीकाठचे क्लॉनमॅकनॉइज मात्र पाहिले. सन ५४४ च्या सुमारास संत किअरन यांनी स्थापलेल्या या मठात आता छप्पर नसलेली देवळे, एक गोल मनोरा आणि कोरीव दगडी क्रूस उरले आहेत. चढ अगदी सौम्य आहे, बसायला बाकेही आहेत, बाबांना जमेल.

दुसरा दिवस कॉनेमाराचा. गॉलवेच्या पश्चिमेला थोडे पुढे गेल्यावर शेते लहान होत जातात आणि चुना-माती न वापरता नुसता दगडावर दगड रचलेल्या भिंती सुरू होतात. ते आपले गडगेच आहेत, फक्त जांभ्याऐवजी करड्या दगडाचे, आणि दगडांमधून पलीकडचा उजेड दिसेल इतके विरळ. त्यापुढे दलदलीचे मैल न् मैल तपकिरी माळ लागतात. तिथे हजारो वर्षे साचलेला वनस्पतींचा थर विटांसारखा कापून वाळवतात आणि चुलीत जाळतात. त्याला इथे टर्फ म्हणतात. ते तुकडे एकमेकांना टेकवून उभे केलेले दिसले तेव्हा मला दारापुढे वाळत टाकलेल्या गोवऱ्याच आठवल्या.

बाबा, आता तुमच्यासाठी खास. या माळरानात बॅलिनाहिंच नावाचा एक वाडा आहे. तो १९२०च्या दशकात कोणी विकत घेतला असेल? ज्यांच्या नावाने आपली रणजी करंडक स्पर्धा खेळली जाते, त्या नवानगरच्या जामसाहेबांनी! १९३३ मध्ये निधन होईपर्यंत ते उन्हाळ्यात तिथे येत आणि सॅमन मासे धरत बसत. पहिल्या महायुद्धाच्या काळात शिकारीतल्या अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता, हे तुम्हीच मला सांगितले होते. त्या एका डोळ्याने ते या काळ्याशार पाण्यावर गळाची दोरी कशी फेकत असतील, असा विचार करीत मी नदीकाठी बराच वेळ उभी राहिले. वाड्यात आता हॉटेल आहे. राहणे आपल्याला परवडणार नाही, पण चहा मिळतो, आणि नदीकाठची पायवाट सपाट आहे.

त्याच दुपारी मेयो काउंटीत डूलॉख तळ्याकाठी थांबलो. दोन डोंगरांमधली ती खिंड फार देखणी आहे, आणि तिथे घडलेले ऐकल्यावर ते देखणेपण डोळ्यांना नकोसे होते. १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने जाऊ लागले आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. मार्च १८४९ च्या अखेरीस लुईसबर्ग गावातल्या उपाशी लोकांना, तुम्ही मदतीस पात्र आहात की नाही याची तपासणी व्हायची आहे, तेव्हा सकाळी डेल्फी या ठिकाणच्या बंगल्यावर हजर राहा, असा हुकूम झाला. थंडीवाऱ्यात रात्रभर कित्येक मैल चालून ती माणसे पोहोचली, तर त्यांना हात हलवत परत पाठवले गेले, आणि अनेक जण याच वाटेवर पडून मेले. किती, याविषयी नोंदी आणि लोकांच्या आठवणी जुळत नाहीत. रस्त्याकडेला एक साधा दगडी क्रूस आहे आणि स्मारकावर महात्मा गांधींचे वचन कोरलेले आहे: आपल्याच बांधवांची मानखंडना करून माणसाला प्रतिष्ठा कशी वाटू शकते, अशा अर्थाचे. कॉर्कची मैत्रीण, जी एरवी क्षणभर गप्प बसत नाही, ती तिथून लीनॅन गावापर्यंत एक शब्द बोलली नाही. १८४१ मध्ये या बेटावर ऐंशी लाखांहून अधिक लोक होते. आज आयर्लंड प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड मिळूनही तेवढे नाहीत. बटाट्याच्या वाफ्यांचे वरंबे मात्र डोंगरउतारांवर गवताखाली अजून ओळखू येतात.

आता टायरचे. आयरिश भाषेत रस्त्याला 'बोहर' म्हणतात आणि त्यात 'बो' म्हणजे गाय. आपला 'गो' आणि हा 'बो' हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. एक गाय लांबीने आणि एक आडवी मावेल तो बोहर, अशी व्याख्या एका हजारभर वर्षांपूर्वीच्या शब्दसंग्रहात दिलेली आहे, असे कॉर्कच्या मैत्रिणीने सांगितले. त्याहून लहान तो बोरीन, म्हणजे आपली पाणंद: दोन्ही बाजूंना गडगे किंवा कुंपणाची झाडी आणि मध्ये गवताची पट्टी. अशा गावरस्त्यांवर वेगाची मर्यादा या फेब्रुवारीपासून ताशी ऐंशीवरून साठ किलोमीटर केली आहे. माझा वेग तर जेमतेम तीस होता. रविवारी क्लेअरमधल्या बरेन या चुनखडकाच्या भागातल्या अशा एका बोरीनवर समोरून ट्रॅक्टर आला. मागे घेता घेता पांढऱ्या फुलांनी लगडलेल्या झाडीत लपलेला एक दगड डाव्या चाकाला लागला आणि टायर बाजूने चिरला. बऱ्याच नव्या गाड्यांत जादा चाक नसते, आणि भोक बुजवायचे जे साहित्य देतात त्याचा अशा चिरेला काही उपयोग नाही. नेमका तेव्हाच तुमचा फोन आला.

ट्रॅक्टरवाले आजोबा सत्तरीचे असतील. दगड तुझा नव्हे, माझ्या आजोबांचा आहे, असे म्हणून त्यांनी दोष आपल्याकडे घेतला, ओळखीच्या एका गॅरेजवाल्याला फोन लावला आणि आम्हा चौघींना घरी नेले. चुलीत टर्फ धुमसत होता. आजींनी दुधाचा दाट चहा आणि सोडा घालून ताकात भिजवलेल्या पिठाची पाव-भाकरी पुढे केली. आई, यीस्ट नाही, अंडे नाही. तुला चालेल, कृती लिहून घेतली आहे. आजोबांनी सांगितले की इथे गुरे हिवाळ्यात डोंगरावर आणि उन्हाळ्यात खाली, असा उलटा रिवाज आहे, कारण उन्हाळाभर तापलेला चुनखडक थंडीतही ऊब धरून असतो आणि उन्हाळ्यात आटणारे झरेही तेव्हाच वाहतात.

बोलता बोलता आजींनी विचारले की रस्त्यावर तू फोनवर कोणाशी आणि काय बोलत होतीस. मी सांगितले. त्यावर त्यांनी मला चांगलेच खडसावले. त्यांची मुलगी सिडनीला असते आणि अशीच "सगळे छान" म्हणते. पूर्वी कोणी अमेरिकेला निघाले की आदल्या रात्री त्या घरात प्रेताच्या उशाशी बसावे तसा जागर होत असे. शेजारीपाजारी जमत, गाणी होत, नाच होई आणि पहाटे रडारड, कारण गेलेले माणूस पुन्हा दिसण्याची आशा नसे. त्याला 'अमेरिकन वेक' म्हणत. आजींच्या आजीच्या घरी असे तीन जागर झाले होते. "तुझ्या आईला टायरचे कळव," असे त्यांनी निघतानाही बजावले. हे पत्र त्यामुळेच लिहिले जात आहे, हे कबूल करते.

मोहरच्या सुप्रसिद्ध कड्यांवर आम्ही गेलो, पण २१४ मीटर उंचीच्या त्या कड्यांपैकी धुक्यात आम्हाला जेमतेम वीस मीटर दिसले असतील. सोमवारी लिमरिककडून परतताना हमरस्त्यालगत कुंपण घातलेले एक हॉथॉर्नचे काटेरी झाड पाहिले, ते मला कड्यांपेक्षा अधिक आवडले. ते पऱ्यांचे झाड मानतात. पऱ्या म्हणजे गोष्टीतल्या गोड पऱ्या नव्हेत, आपल्या राखणदारासारख्या, ज्यांची आगळीक करू नये अशा. १९९९ मध्ये ते रस्त्याच्या कामात जाणार होते, तेव्हा एडी लेनिहान या कथाकाराने आवाज उठवला आणि झाड वाचले. परवा वटपौर्णिमा आहे, आई. तू वडाला सूत गुंडाळशील तेव्हा या खुरट्या झाडाचीही आठवण ठेव. इथल्या पवित्र विहिरींपाशी लोक अशा झाडांना चिंध्या बांधतात.

तेव्हा माझा बेत असा. मेच्या अखेरीस यावे. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि पाऊस आपल्या मृगाच्या मानाने नुसती भुरभुर. कॉनेमाऱ्याचा रस्ता वळणांचा आहे, पण आंबा घाटापुढे काहीच नाही. आईने पुढच्या सीटवर बसावे. मोहर वगळू. बाबांनी गुडघ्याचे डॉक्टरांना विचारावे, आणि आईने कपाटातून पासपोर्ट काढून त्यांची मुदत कधी संपते ते येत्या रविवारी फोनवर सांगावे. डाव्या बाजूचा नवा टायर बसवला आहे. जुन्याचा फोटो दादाला पाठवला आहे, तो दाखवेल.

तुमची,
धाकटी