राखीव मेल सर्व्हर लावण्याआधी

पुणे, रविवार रात्र

प्रिय दोस्ता,

पावसात ऑफिसची लाइन पुन्हा गेली म्हणून राखीव मेल सर्व्हर (मुख्य बंद असताना टपाल घेऊन ठेवणारा) लावतोयस, हे वाचलं. लाव, पण आधी माझी फजिती ऐक.

मेल हरवेल ही धास्ती सोड. आपलं दार बंद दिसलं की पाठवणारा सर्व्हर मेल स्वतःच्या रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा येतो. किमान चार-पाच दिवस प्रयत्न करावा असं नियमातच आहे. 1986 साली एमएक्स (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे न्यायचा ते सांगणारी नोंद) आलं तेव्हा यंत्रं तासन्‌तास लाइनबाहेर असायची, राखीव सर्व्हर तेव्हाची गरज. आज फायदा एवढाच, की रांग आपल्या ताब्यात राहते. लाइन आली की आपणच ती रिकामी करायची, इतरांच्या पुढच्या फेरीची वाट बघायची नाही.

मी काय केलं? एमएक्समध्ये मुख्यला 10, राखीवला 20 (लहान आकड्याला आधी मान), राखीववरच्या पोस्टफिक्स या मेल सॉफ्टवेअरच्या रिले डोमेन्समध्ये (ज्यांचं टपाल घेऊन पुढे द्यायचं त्यांची यादी) आपलं डोमेन, आणि खुशाल झोपलो. स्पॅमवाले मुद्दाम मोठ्या आकड्याच्या सर्व्हरवर येतात रे, मागच्या दाराची कडी ढिली असते हे त्यांना पाठ. आपल्याकडे कोण कोण आहे हे राखीवला ठाऊकच नव्हतं, वाट्टेल त्या नावाचं टपाल तो घेत सुटला. मुख्य म्हणाला, असा कुणी इथे राहत नाही. मग राखीव बापडा ‘मेल पोहोचला नाही’ची पत्रं लिहीत बसला, तीही खोट्या प्रेषकांना! ज्यांचे पत्ते चोरले होते त्यांच्या इनबॉक्समध्ये आमच्या नावाने कचरा, आणि आठवडाभरात आमचा आयपी काळ्या यादीत. त्यापेक्षा राखीव नसता तर बरं झालं असतं.

म्हणून खऱ्या पत्त्यांची यादी आधी. मी ती रोज रात्री मुख्यवरून आणून राखीवच्या रिले रेसिपियंट मॅप्समध्ये घालतो. यादीत नसलेल्याला दारातच नकार. स्पॅमची चाळणीही दोन्हीकडे सारखीच हवी. मुख्यला मात्र सांगून ठेव, राखीवकडून आलेल्या मेलची एसपीएफ तपासणी (पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची परवानगी आहे का, ही) करू नकोस, नाहीतर चांगली पत्रंही परत जातील. पोस्टफिक्स मुळात मेल रांगेत पाच दिवसच ठेवतं. मी दहा केलेत, दिवाळीची सुट्टी धरून. आणि कृपा करून दोन्ही यंत्रं एकाच यूपीएसवर ठेवू नकोस (हसू नकोस, मी ठेवली होती).

झालं की मुख्यचं पोर्ट 25 (मेल आत येण्याचं दार) बंद कर, बाहेरून दोन मेल टाक: एक खऱ्या पत्त्यावर, एक बनावट. पहिला रांगेत दिसला, दुसऱ्याला नकार मिळाला, की मला फोन कर. कितीही वाजलेले असोत.

तुझाच,
रांगेतला मित्र