स्टिअरिंगची थरथर आणि नाहकचे बिल

महोदय,

निफाडचा पारा घसरला की आमच्या गल्लीत दरवर्षी एक तक्रार ऐकू येते : सकाळी स्टिअरिंग थरथरते. मी 31 वर्षे मेकॅनिक होतो, म्हणून लिहितो आहे. गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या गाडीचे टायरॉड एंड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारे सांधे) आणि सस्पेन्शनचे बुश (धक्के शोषणारे रबरी तुकडे) एका गॅरेजने बदलले. बिल 11 हजार. थरथर मात्र तशीच! मी शेजारी बसून नाशिक रस्त्याला गेलो. चांदोरी येईपर्यंत स्टिअरिंग शांत झाले होते.

दोष टायरचा होता. गाडी चार दिवस एकाच जागी उभी होती. टायरमधले नायलॉन थंडीत ताठरते आणि जमिनीला टेकलेला भाग चपटाच राहतो. दहा-पंधरा किलोमीटरमध्ये टायर तापला की तो पुन्हा गोल होतो. त्यात हवाही कमी होती. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक) हवा कमी भरते, म्हणून ती टायर थंड असतानाच तपासावी.

थरथर केव्हा होते, हे मेकॅनिकने आधी विचारायला हवे. फक्त ब्रेक दाबल्यावर होत असेल तर ब्रेकची डिस्क पाहावी. गाडी तापल्यावरही ताशी ऐंशी किलोमीटरच्या पुढे होत असेल तर चाकांचे बॅलन्सिंग करावे, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे सारखे करावे. आमच्याकडे तर हा तोल बिघडायला रिमच्या आत वाळलेला मळ्यातला चिखलसुद्धा पुरतो. इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीत होत असेल तर इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसवलेले असते ते रबरी आधार) पाहावे. ग्राहकाला शेजारी बसवून, गाडी थंड असतानाच एक चक्कर मारल्याशिवाय कोणत्याही गॅरेजने पाना हातात घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त मेकॅनिक, निफाड