तीन आठवड्यांत तोंड भरलं नाही तर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तोंड आल्यावर काय करावं यावर आरोग्य पुरवणीत अधूनमधून काहीतरी छापून येतं, पोट साफ ठेवा, तिखट टाळा, बी कॉम्प्लेक्स घ्या वगैरे. त्यात चूक काही नाही. पण दोन-तीन आठवड्यांत भरलं नाही तर डॉक्टरला दाखवा आणि बायोप्सीचं (बारीक तुकडा काढून तपासण्याचं) विचारा, ही एक ओळ त्याखाली मला कधी दिसली नाही. माझ्या सासूबाईंचे चार महिने त्यात गेले म्हणून हे पत्र.

गोळ्या झाल्या, जेल झालं, कवळी घासत असेल म्हणून ती बदलून झाली. मग पाठीवर फोड आले, पातळ, हात लागला की फुटणारे, आणि सकाळी चादर पाठीला चिकटलेली असायची ती पाण्याने भिजवून भिजवून सोडवायला लागायची. घरातल्याच एकाने त्यांचा कप वेगळा काढला. (हा आजार अजिबात लागत नाही, पण तो कप बघून त्या गप्पच झाल्या.) शेवटी एका स्किनच्या डॉक्टरनी फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठा दाबून जरासा सरकवला तर वरचा पापुद्रा सुटून आला. याला निकोल्स्की साइन म्हणतात आणि आजाराचं नाव पेम्फिगस व्हल्गॅरिस.

मी शिवणकाम करते त्यामुळे मला ते असं कळलं, की कातडीच्या पेशी एकमेकींना टिचबटणांनी लावलेल्या असतात, त्यातल्या एका भागाचं नाव डेस्मोग्लीन, आणि आपलीच प्रतिकारशक्ती त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवते मग बटणं पटापट सुटतात. तोंडात डेस्मोग्लीन 3 वर जास्त भिस्त असते म्हणून सुरुवात बऱ्याचदा तिथून होते. असाच फोडांचा दुसरा एक आजार म्हणजे बुलस पेम्फिगॉइड, त्यात बटणं शाबूत असतात पण अख्खं कापडच अस्तरापासून सुटतं, म्हणून फोड जाड आणि टणक. तो जास्त करून म्हाताऱ्या माणसांना होतो आणि फोड यायच्या आधी कित्येक महिने नुसती खाज असू शकते, मग खरजेची मलमं चालू राहतात. डायबेटिसच्या ग्लिप्टिन गोळ्यांशीही, खासकरून विल्डाग्लिप्टिनशी, त्याचा संबंध आढळलाय, त्यामुळे खाज आणि ही गोळी दोन्ही असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा, मनाने गोळी बंद करू नका.

आता जे कोणी सांगत नाही ते. बायोप्सीचे तुकडे दोन लागतात. एक फोडाच्या कडेचा, तो फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या रसायनात) जातो. दुसरा शेजारच्या न फुटलेल्या कातडीचा, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (कातडीत अँटीबॉडी कुठे चिकटल्यात ते चमकवून दाखवणारी तपासणी), तो फॉर्मॅलिनमध्ये टाकला की कामातून गेला, त्याला वेगळं द्रावण लागतं. आमचे दोन्ही तुकडे एकाच बाटलीत गेले! परत सुई, परत टाका, आणि आठवडा गेला तो वेगळाच. सॅम्पल घेतानाच विचारा, दुसरी बाटली कुठाय म्हणून.

या आजारावर स्टेरॉइड देतात, त्याला लोक घाबरतात ते समजू शकते, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, इन्फेक्शन पटकन होतं. पण 1950 च्या आसपास स्टेरॉइड यायच्या आधी या आजारात बहुतेक पेशंट दगावायचे. आणि चेहरा सुजला म्हणून सासूबाईंनी कोणाला न सांगता गोळ्या थांबवल्या तर पाचव्या दिवशी फोड परत, वर उठून बसायची ताकद नाही, कारण बरेच दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. ती गोळी हळूहळूच उतरवायची असते.

नंतर रिटुक्सिमॅब नावाचं औषध दिलं, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन सलाइन, आधी हिपॅटायटिस बी ची टेस्ट करून. ज्यांच्यातून पुढे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार होतात त्या बी पेशीच ते काढून टाकतं. 2017 मध्ये आलेल्या फ्रान्समधल्या अभ्यासात हे औषध आणि सोबत थोडे महिने स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी 89 टक्के लोक दोन वर्षांनी औषधाशिवाय ठीक होते, नुसत्या स्टेरॉइडवाल्यांत 34 टक्के. 2018 मध्ये अमेरिकेत पेम्फिगस व्हल्गॅरिससाठी त्याला मंजुरीही मिळाली. आजार उलटू शकतो, त्यामुळे तपासण्या चालूच आहेत आमच्या.

तेव्हा पुढच्या वेळी तोंड आल्यावरचे उपाय छापाल तेव्हा ती एक ओळ टाका, बारीक अक्षरात टाकली तरी चालेल.

आपली,
एक वाचक