मागील पानावरून पुढे

टोरोंटो,
१४ नोव्हेंबर

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की आपल्याकडे मराठी मालिकेचा रोज एक नवा भाग येतो, मग तुमच्या त्या अंतराळातल्या मालिकेचे दहा भाग करायला दोन-दोन वर्षे कशी लागतात. आईने मागून “एवढे दिवस तुम्ही सगळे करता तरी काय?” अशी भर घातली. मी तेव्हा हसण्यावारी नेले, पण प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर फोनवरच्या दोन वाक्यांत मावणारे नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. नव्या सीझनचे कथानक करारामुळे मला सांगता येत नाही. काम कसे चालते हे सांगायला मात्र कोणाची हरकत नसावी.

त्या दोन वर्षांतले कित्येक महिने आम्ही काहीच करत नसतो, कारण मालिका पुढे चालणार की नाही हेच ठरलेले नसते. आधीचा सीझन किती लोकांनी पाहिला, त्यातल्या किती जणांनी तो शेवटपर्यंत पाहिला, याचे आकडे कंपनी तपासत बसते, आणि नटांना करारात ठरलेल्या मुदतीपर्यंत बांधून ठेवलेले असते. याच शहरात चित्रित झालेल्या ‘द एक्स्पान्स’ या मालिकेचे उदाहरण आमच्या क्षेत्रात अजूनही सांगतात. तिसरा सीझन चालू असतानाच, मे २०१८ मध्ये, सायफाय वाहिनीने ती बंद करण्याचे जाहीर केले. प्रेक्षकांनी सह्यांची मोहीम काढली, एवढेच नव्हे तर मालिका वाचवा असा फलक लावलेले विमान ॲमेझॉनच्या कचेरीवरून फिरवले, आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला लॉस एंजेलिसमधल्या एका अंतराळविषयक परिषदेत ॲमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी मालिका आता ॲमेझॉन चालवणार असल्याचे सांगितले. त्यानंतरही चौथा सीझन प्रत्यक्ष पडद्यावर यायला १३ डिसेंबर २०१९ उजाडला. निर्णय दोन-तीन आठवड्यांत झाला, पण दहा भागांना दीड वर्ष लागले. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे.

उरलेले निम्मे लेखनात आहे, आणि तो भाग मला सर्वांत जवळचा असल्यामुळे जरा विस्ताराने लिहिते. आमचे लेखक लॉस एंजेलिसमध्ये बसतात, चित्रीकरण इथे होते, आणि मी स्क्रिप्ट को-ऑर्डिनेटर म्हणून या दोन्हींच्या मध्ये असते. शोरनर, म्हणजे लेखनापासून संकलनापर्यंत ज्याचा शब्द अखेरचा, आणि सात-आठ लेखक एका खोलीत कित्येक आठवडे बसून आधी संपूर्ण सीझनचा प्रवास ठरवतात. एकही संवाद त्या काळात लिहिला जात नाही. मग प्रत्येक भागाचा आराखडा, त्यावर कंपनीच्या सूचना, मग पहिला खर्डा, पुन्हा सूचना, दुसरा खर्डा. चित्रीकरण सुरू झाल्यावरही पाने बदलतच राहतात, आणि कोणती सुधारणा कितवी हे लांबूनच कळावे म्हणून ती वेगवेगळ्या रंगांच्या कागदांवर निघतात: पांढऱ्यानंतर निळी, मग गुलाबी, पिवळी, हिरवी. सगळ्या विभागांच्या हातात एकाच रंगाचे पान आहे की नाही हे पाहणे माझे काम आहे.

माझे खरे काम मात्र आठवण ठेवण्याचे आहे. बाबा, तुम्ही बँकेत नव्या वर्षाची खतावणी उघडताना पहिल्या ओळीत मागील शिल्लक ओढून आणत होतात आणि ती जुळल्याखेरीज दुसरी ओळ लिहीत नव्हतात. आमच्या नव्या सीझनचेही तसेच आहे. कोणते जहाज किती वेगाने जाते, निरोप पोहोचायला किती वेळ लागतो, कोणाचा कोणता हात कृत्रिम आहे, कोण कोणाशी कोणत्या भागात खोटे बोलले आणि ते अजून उघडकीस आले आहे की नाही, या सगळ्याची नोंद ज्यात असते त्या दस्तऐवजाला इथे शो बायबल म्हणतात. कौटुंबिक मालिकेत एखादी आत्या दोनशे भाग गायब झाली तरी प्रेक्षक सांभाळून घेतात, पण विज्ञानकथेचा प्रेक्षक गणित करत बसलेला असतो.

‘द एक्स्पान्स’मध्ये जहाजांची रचनाच अशी आहे की मजले इमारतीसारखे एकावर एक असतात आणि इंजिन तळाशी असते. इंजिन चालू असेपर्यंत फरशी पायांना वर ढकलते, त्यामुळे माणसाला वजन भासते; इंजिन बंद झाले की सारे तरंगू लागतात, आणि अर्धा प्रवास झाल्यावर वेग कमी करण्यासाठी जहाज उलटे वळवावे लागते. हा नियम एकदा मान्य केला की कथेला तो पावलोपावली आडवा येतो, आणि माझ्या मते ती मालिका चांगली होण्याचे मोठे कारण तेच आहे. तिचे शोरनर नरेन शंकर हे स्वतः कॉर्नेल विद्यापीठातून उपयोजित भौतिकशास्त्रात पीएच.डी. झालेले आहेत, हे बाबांना वाचून आवडेल.

आमच्या मालिकेचाही असाच एक नियम आहे, आणि मागच्या सीझनमधला एक प्रसंग, तो प्रसारित झालेला असल्यामुळे, सांगते. एका लेखिकेने दोन पात्रांचा मध्यरात्रीचा फार सुरेख संवाद लिहिला होता, ज्यात एक जण दुसऱ्याच्या पेल्यात चहा ओततो. पण त्या वेळी जहाजाचे इंजिन बंद असल्याचे आधीच्याच पानावर लिहिलेले होते, आणि वजनरहित अवस्थेत चहा ओतता येत नाही. मी तशी टीप पाठवली. आता दोघांना तारांनी टांगून तो प्रसंग चित्रित करायचा, तर साहसदृश्यांचा चमू, जास्तीचा एक दिवस आणि नंतर तारा पुसण्याचा खर्च. इंजिन चालू ठेवायचे, तर जहाज तोवर पुढे गेलेले असणार आणि पुढच्या भागात ते दोन दिवस आधी पोहोचणार. दोन दिवस आधी पोहोचले तर ज्या स्फोटामुळे तो भाग सुरू होतो तो स्फोट अजून झालेलाच नाही. अखेर इंजिन चालू राहिले, स्फोट अलीकडे ओढला गेला, आणि तो कोणी केला हे ठाऊक असणारे पात्रच बदलले. आई, एका चहाच्या पेल्यापायी दोन भाग नव्याने लिहावे लागले, आणि सगळ्यांच्या मते ते आधीपेक्षा चांगले झाले.

कथेवर दुसरी सत्ता पैशाची. जहाजाचे सेट सीझन संपल्यावर मोडत नाहीत. त्यांचे तुकडे करून गोदामात ठेवतात, त्याचे भाडे भरतात, आणि मालिका रद्द झाली तरच ते टाकून देतात. त्यामुळे नव्या सीझनमध्ये काय घडू शकते हे बऱ्याच अंशी गोदामात काय पडले आहे यावर ठरते, आणि एक-दोन भाग मुद्दाम असे लिहिले जातात की सारे काही जुन्याच सेटवर, बाहेर पाऊल न टाकता घडावे. तिथे वाचलेला पैसा शेवटच्या भागातल्या युद्धाला जातो. टोरोंटोत एवढे काम येते त्याचेही कारण हिशेबाचेच आहे: नियमांत बसणाऱ्या इथल्या खर्चावर ऑन्टारिओ प्रांताचे सरकार साडेएकवीस टक्के कर-सवलत देते, आणि केंद्र सरकारची निराळी.

बाबा, ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर तुम्ही जी ‘स्टार ट्रेक’ पाहत होतात, तिच्यात माणसे चमचमत अदृश्य होतात आणि ग्रहावर उमटतात. ती कल्पना आली तीच मुळी दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरताना दाखवणे परवडत नव्हते म्हणून. त्या मालिकेच्या पहिल्या सीझनचे, १९६६-६७ साली, २९ भाग झाले होते. दुसऱ्या सीझननंतर ती बंद पडण्याच्या बेतात असताना प्रेक्षकांनी एनबीसी वाहिनीवर पत्रांचा वर्षाव केला, म्हणून तिसरा सीझन मिळाला, आणि १९६९ मध्ये ७९ भागांवर ती थांबली. त्या २९ भागांत फसलेले भागही होते हे खरे, पण पात्रांना निवांत बसायला, थट्टामस्करी करायला तिथे जागा मिळत होती. आता दहाच भाग असल्यामुळे प्रत्येक पानाने कथा पुढे ढकललीच पाहिजे असा दबाव असतो, आणि त्यात आमचे काहीतरी हरवले आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते. सहकाऱ्यांना हे पटत नाही.

चित्रीकरणाच्या तंत्रात मात्र गेल्या काही वर्षांत सगळेच बदलले आहे. पूर्वी नटांच्या मागे हिरवा पडदा लावून आकाश नंतर भरत असत. आता नव्या ‘स्टार ट्रेक’ मालिकांसाठी इथे उभारली तशी घोड्याच्या नालाच्या आकाराची एलईडी दिव्यांची प्रचंड भिंत वापरतात. संगणकीय खेळांच्या तंत्राने तयार केलेला ग्रह त्या भिंतीवर प्रत्यक्ष दिसतो, आणि कॅमेरा सरकला की दूरचे डोंगर खऱ्या डोंगरांसारखेच मागे-पुढे सरकतात. शिरस्त्राणाच्या काचेत हिरव्या पडद्याऐवजी तिथलेच आकाश उमटते, नटाला आपण कुठे पाहत आहोत हे कळते. तरी भिंतीचा उजेड मऊ पडतो. कडक ऊन हवे असेल तर खरा दिवा लावावाच लागतो, आणि तो भिंतीवर पडून चित्र फिके करणार नाही हे पाहताना छायाचित्रणाच्या चमूची सकाळ जाते. मोठा फरक वेगळाच आहे. हिरव्या पडद्याच्या काळात “ग्रह कसा दिसतो ते नंतर बघू” म्हणता येत होते. आता तो ग्रह चित्रीकरणाच्या आधीच पूर्ण हवा, म्हणजे लेखकाने तिथे डोंगर आहे की समुद्र हे कित्येक महिने अगोदर ठरवायला हवे. भिंतीने चित्रीकरणाचे दिवस वाचवले असतील, पण लेखनाचे वाढवले.

प्रत्यक्ष चित्रीकरण हा त्या मानाने सरळ भाग. एक दिग्दर्शक दोन भाग एकत्र घेतो, दिवस बारा तासांचा असतो, आणि मी त्या काळात फोन उचलत नाही त्याचे कारण एवढेच. आमचा वाळवंटी ग्रह म्हणजे शहराबाहेरची एक दगडाची खाण आहे. तिथे एप्रिलमध्ये बर्फ पडला, तर वाळवंटाला बर्फाचे कारण शोधण्याची जबाबदारीही लेखकांवरच येते.

त्यानंतर संकलन, संगीत, ध्वनी, आणि सर्वांत वेळखाऊ असे दृश्यपरिणामांचे काम, ज्याचा मोठा वाटा मुंबई-चेन्नईच्या स्टुडिओंत होतो. हिवाळ्यात इथल्या आणि तिथल्या घड्याळात साडेदहा तासांचे अंतर असल्यामुळे इथे संध्याकाळी पाठवलेल्या सूचना तिथे सकाळी उघडल्या जातात, आणि आम्ही झोपेत असताना जहाजे उडत असतात. म्हणून शेवटी नावे सुरू झाली की बाबांनी रिमोट हाती घेऊ नये. त्यात जोशी, कांबळे, शेख पुष्कळ असतात.

२०२३ साली मी एवढे दिवस सांगलीला कशी राहिले, याचेही उत्तर इथेच देते, कारण तेव्हा “नोकरी गेली का?” असे विचारायचे तुम्ही दोघांनी टाळले होते हे मला कळत होते. अमेरिकेतल्या लेखकांचा संप २ मे रोजी सुरू होऊन २७ सप्टेंबरला मिटला, आणि तेवढ्यात १४ जुलैपासून नटांचा संप सुरू झाला तो ९ नोव्हेंबरपर्यंत चालला. संप त्यांचा असला तरी पान नाही आणि नट नाही म्हटल्यावर टोरोंटोतल्या सुतारांपासून माझ्यापर्यंत सगळ्यांचे काम थांबले. संपाच्या मागण्या मला तेव्हाही योग्य वाटत होत्या. सुतारांच्या घरचे हप्ते कोणी भरले नाहीत, हेही तितकेच खरे.

रोजच्या मराठी मालिकेला मी कमी लेखते असे समजू नका. आदल्या रात्री आलेली पाने सकाळी पाठ करून रोज एक भाग उभा करणे आमच्यापैकी कोणाला जमेलसे वाटत नाही.

आता कामाचे. चित्रीकरण फेब्रुवारीत सुरू होऊन जुलैअखेर संपेल, म्हणून मे महिन्यातल्या लग्नाला मला येता येणार नाही. गणपतीला मात्र नक्की येईन. आणि आई, तुझ्याकडे एक काम आहे. ‘द एक्स्पान्स’मधल्या अवसराला बाईंच्या साड्या तुला आवडल्या होत्या; त्या बाई बहुतेक वेळ जमिनीवर पाय ठेवून असतात, त्यामुळे त्यांचा पदर जागच्या जागी राहतो. आमच्या नव्या सीझनमध्ये साडी नेसणारे एक पात्र आहे, एवढे मी शोरनरना विचारूनच लिहीत आहे, आणि त्या पात्राला इंजिन बंद असलेल्या जहाजात वावरायचे आहे. पदर आणि निऱ्या तरंगून तोंडावर आल्या तर प्रसंगाचा विनोद होईल. कासोटा घातलेली नऊवारी चालेल असे मी वेशभूषा विभागाला सुचवले, पण नेसवायची कशी हे मला नीट दाखवता आले नाही. तू सावकाश, प्रत्येक पायरीला थांबून नेसून दाखव, कंबरेची गाठ आणि मागचा काचा जवळून दिसू दे, आणि सुती व रेशमी यांतली कोणती घट्ट बसते तेही सांग. व्हिडिओ बाबांनी घ्यावा, आणि फोन आडवा धरावा.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
मृणाल