ऊर्जागाभा उजळवणाऱ्या हातांना

आमच्या विज्ञाननाट्यातला ‘ऊर्जागाभा’, म्हणजे एलईडी दिव्यांनी उजळणारी नळी, काल रंगमंचावर पहिल्यांदाच न अडखळता उजळला. ज्यांच्यामुळे हे घडलं, त्यातल्या अनेकांची नावंही मला ठाऊक नाहीत. म्हणून हे जाहीर आभार.

नळीत ६० एलईडींची पट्टी होती. दोन आठवडे ती मधेच लुकलुकायची, टोकाकडे पांढरा रंग पिवळट पडायचा. मी दिवे चालवणाऱ्या कोडमध्येच चूक शोधत बसलो होतो. ज्यांनी मला विजेचा हिशेब मांडायला लावला, त्यांचे आभार सर्वांत आधी. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात असा एक एलईडी साधारण ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे सगळे मिळून ३.६ अँपिअर, आणि माझा सप्लाय, म्हणजे वीज पुरवणारा अडॅप्टर, होता २ अँपिअरचा! पट्टीला दोन्ही टोकांकडून वीज द्या, कंट्रोलर (दिव्यांना आज्ञा देणारं सर्किट) आणि सप्लाय यांचं ग्राउंड (ऋण टोक) एकत्र जोडा, डेटाच्या म्हणजे आज्ञा नेणाऱ्या तारेवर ४७० ओहमचा रेझिस्टर (रोधक) लावा, हेही त्यांनीच सांगितलं. तोच प्रश्न मी तीनदा विचारला, तरी उत्तर प्रत्येक वेळी तितक्याच आपुलकीने आलं.

नळीला आतून ट्रेसिंग पेपर लावायला सुचवणाऱ्या ताई, तुमच्यामुळे सुटे ठिपके जाऊन सलग, दुधाळ उजेड दिसला. मला तर ही सर्वांत सुंदर सुधारणा वाटते.

आणि तिसऱ्या घंटेच्या जरा आधी विंगेत टॉर्च धरून तुटलेली तार सोल्डर करून देणारे दादा, मी वळेपर्यंत तुम्ही निघून गेला होतात. अंधारात गाभा निळा झाला, प्रेक्षागृह क्षणभर स्तब्ध झालं. ते तुम्ही पाहिलं असेल, एवढीच इच्छा आहे.