तोयपुरिनाचे नाव राहून गेले

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला कॅलिफोर्नियातील जुन्या स्पॅनिश मिशनांवरचा, म्हणजे धर्मप्रसारासाठी वसवलेल्या ख्रिस्ती वसाहतींवरचा, प्रवासलेख वाचला. सॅन गॅब्रिएलचे मिशन माझ्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर आहे, त्यामुळे मी तो दोनदा वाचला. घंटा, द्राक्षवेल, कच्च्या विटांच्या जाड भिंती, सगळे छान उतरले आहे. ‘पाद्र्यांनी उभारले’ हे शब्द मात्र तीन वेळा आले आणि तिथे दळणाऱ्या, लोकर कातणाऱ्या, रांधणाऱ्या, इथल्या मूळनिवासी तोंग्वा जमातीच्या बायका एकदाही आल्या नाहीत.

दोष एकट्या लेखकाचा नाही. इथे चौथीतल्या मुलांनी मिशनची प्रतिकृती करायची, अशी अनेक वर्षांची प्रथा होती. मुलीबरोबर बसून मीही थर्माकोलचे मिशन केले, कौले तांबडी रंगवली, अंगणात पाद्री उभा केला. बाई एकही ठेवली नाही. तेव्हा ते मनातही आले नाही, याचे आज वाईट वाटते.

मिशनात मुलींसाठी ‘मोंहेरिओ’ नावाची वेगळी खोली असे. सात-आठ वर्षांची झाली की मुलीला आईबापांपासून काढून तिथे ठेवायचे, ते थेट लग्न होईपर्यंत. रात्री दाराला कुलूप. त्या कोंदट गर्दीत आजार पसरत आणि मुली मरत.

1785 च्या ऑक्टोबरात सॅन गॅब्रिएलवर चालून जाणाऱ्यांत तोयपुरिना ही तोंग्वा बाई होती. वय अवघे 25, आसपासच्या गावांत मान असलेली. मिशनातल्याच निकोलास होसे याने तिची मदत मागितली होती, कारण त्याच्या लोकांना त्यांचे परंपरागत नाच करायला बंदी झाली होती. सैनिकांना आधीच सुगावा लागला आणि बेत फसला. चौकशीत तिने सांगितले, की हे लोक माझ्या भूमीवर येऊन राहिले याचा मला राग आहे. पुढे कैद, 1787 मध्ये बाप्तिस्मा, मग दूर उत्तरेला हद्दपारी आणि एका स्पॅनिश सैनिकाशी लग्न. 1799 मध्ये सॅन हुआन बाउतिस्ता मिशनात ती वारली. बाप्तिस्म्यात तिचे नाव ठेवले रेहिना होसेफा.

या नावापाशी मी दर वेळी अडते. 1988 साली लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने माझेही नवे नाव लिहिले होते. दोन्हींची बरोबरी मी करत नाही. मला माहेरी जुन्या नावाने हाक मारणारे लोक उरले होते. तिला तिच्या माणसांपासूनच तोडले होते.

2020 च्या जुलैत आगीत सॅन गॅब्रिएलचे छप्पर जळाले. डागडुजीनंतर तिथल्या संग्रहालयाच्या भिंतीवर, त्या मिशनात बाप्तिस्मा झालेल्या सात हजारांहून अधिक मूळनिवासींची नावे लिहिली आहेत. लेखकाने पुन्हा यावे आणि त्या भिंतीसमोर जरा वेळ उभे राहावे. मी सोबत येईन.

लेखाचा पुढचा भाग सांता बार्बरावर आहे, असे छापले आहे. तिथल्या मिशनच्या दफनभूमीत 1928 साली बसवलेला एक फलक आहे, एका मूळनिवासी बाईच्या आठवणीचा. सॅन निकोलस बेटावरच्या सगळ्यांना 1835 मध्ये जहाजाने नेले, तेव्हा ही एक बाई मागे राहिली. 18 वर्षे तिथे एकटी जगली. 1853 मध्ये तिला सांता बार्बराला आणले, तर तिचे बोलणे नीट समजेल असा कोणी सापडला नाही. सात आठवड्यांत ती हगवणीने गेली. फलकावर हुआना मारिया असे नाव आहे. ते तिला शेवटच्या घटकेला बाप्तिस्मा देताना ठेवलेले. तिचे स्वतःचे नाव कोणालाच ठाऊक नाही. पुढच्या भागात एवढे जरूर छापावे.

आपली,
एक वाचक, पसाडेना, कॅलिफोर्निया (मूळ गाव सातारा)