अमेरिकन विनोदवीर रे रोमानो यांना, एका वाक्याबद्दल

आदरणीय रे रोमानो,

सप्रेम नमस्कार.

बाबा आणि मी एकाच घरात राहतो, पण कित्येक वर्षं आम्ही कामापुरतंच बोलत होतो. औषध घेतलं का, दार लावलं का, एवढंच. ते बदललं तुमच्यामुळे, म्हणून हे पत्र.

२०१९ साली आलेला तुमचा स्टँड-अप कॉमेडीचा कार्यक्रम मी एका रात्री मोबाइलवर पाहत होतो. न्यूयॉर्कच्या कॉमेडी सेलर या कॉमेडी क्लबमध्ये तुम्ही आधी न कळवता मंचावर आलात आणि तिथलं संपवून कोपऱ्यापलीकडच्या व्हिलेज अंडरग्राउंड या दुसऱ्या क्लबमध्ये चालत गेलात. तुमची 'एव्हरीबडी लव्ज रेमंड' ही टीव्ही मालिका १९९६ ते २००५ अशी नऊ पर्वं चालली. एवढं नाव झालेल्या माणसाने मोठं सभागृह सहज भरवलं असतं. तुम्ही तळघरातल्या लहान जागा निवडल्यात, हे मला फार भावलं. वाढतं वय, लग्नाची इतकी वर्षं, मोठी झालेली मुलं, सगळं तुम्ही शेजारी बसून सांगावं तसं सांगता. हसता हसता आपलंच घर दिसायला लागतं.

त्यानंतर तुमचं जुनं काम शोधत गेलो आणि ते वाक्य सापडलं: वडिलांनी एकदा जरी मिठी मारली असती, तर आज मी अकाउंटंट असतो. तुम्ही कॉलेजात खरोखरच अकाउंटिंग शिकत होतात, हे मागाहून कळलं. मी मोठ्याने हसलो आणि मग घशात काहीतरी अडकलं.

बाबा पाणी प्यायला उठले होते. "एवढं काय हसतोयस?" म्हणाले. मी ते वाक्य मराठीत सांगितलं. एरवी सांगितलं नसतं, पण ते तुमचं होतं, माझं नव्हतं, म्हणून जमलं. तक्रार न करता तक्रार पोचवायची ही सोय विनोदात असते, हे मला त्या रात्री समजलं.

बाबा हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तू वर्षाचा होतास. तापाने फणफणला होतास. खाली ठेवलं की रडायचास. रात्रभर छातीशी धरून फेऱ्या मारल्या मी. तुला कसं आठवणार?"

पन्नाशी उलटल्यावर ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. खांद्यावर हात ठेवला की अंग चोरतो. पूर्वी मी लगेच हात काढून घ्यायचो. आता थोडा वेळ राहू देतो.

आणि रात्री जेवणं झाली की बाबा विचारतात, "त्या माणसाचं नवीन काही आलं का रे?" बहुतेक वेळा आलेलं नसतं. तरी ते खुर्ची ओढून बसतात.

मनापासून आभार.

आपला,
एक प्रेक्षक